कुणाचाच नसलेला हात

फार फार पूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, एका डोंगराळ राज्यात एक मोठी आरोग्यशाळा होती. राजा विसरला गेला, पण आरोग्यशाळेच्या मागच्या दाराची गोष्ट लोक विसरले नाहीत. लहानांनी ती घाबरायला ऐकावी आणि मोठ्यांनी शहाणं व्हायला. उलट झालं तरी माझी काही हरकत नाही.

आरोग्यशाळेला दोन दारं होती. पुढच्या दाराने आजारी माणसं येत. मागच्या दाराने माल येई. मध, तूप, मुळ्या, काढे, जखमांना बांधायचं कापड, सगळं मागच्या दाराने. त्या दाराच्या चौकटीवर एक साळुंकी बसलेली असे.

ज्या म्हाताऱ्या वैदिणीने आरोग्यशाळा उभी केली, तिने पहिल्या साळुंकीला बोलायला शिकवलं होतं. व्यापाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई ते पाटी दिसली नाही असं दाखवत. म्हणून म्हातारीने नियम पाखराच्या तोंडी दिले. त्या साळुंकीने ते पिलांना शिकवले, पिलांनी त्यांच्या पिलांना. म्हातारी कधीच गेली, पण तिचे बोल चौकटीवर बसून राहिले.

व्यापारी दाराशी आला की साळुंकी मान तिरकी करून म्हणे, "दाराशी थांब. नाव सांगू नको. माल ठेव. भेट देऊ नको."

डोक्यावरचं ओझं उतरवण्याआधी व्यापाऱ्याने हे बोल तिच्यामागून म्हणायचे, असा रिवाज होता. मग माल आतल्या साध्या मडक्यांत ओतला जाई. कुठल्याच मडक्यावर व्यापाऱ्याची खूण नसे. वैद्याने झाकण उचलायचं, वास घ्यायचा आणि समोरच्या दुखण्याला जे लागू पडेल तेच औषध द्यायचं.

"इतका कडकपणा कशाला गं, आजी?" असं कुणीतरी त्या म्हातारीला एकदा विचारलं होतं.

ती म्हणाली होती, "बाजारात गिऱ्हाईक आपलं आपण निवडतं. फसलं तर शिव्या घालतं आणि दुसऱ्या दुकानी जातं. अंथरुणावर पडलेला माणूस कुठे जाईल, बाबा? त्याच्यासाठी दुसऱ्याचा हात निवडतो. तो हात कुणाचाच असता कामा नये."

आता या गोष्टीतला व्यापारी. तो डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहत असे आणि एकच औषध बनवत असे, निजरस. डोंगरातली एक मुळी गुळाच्या पाण्यात घालून तो मोठ्या काहिलीत आटवायचा. हाड मोडलेल्याला, भाजलेल्याला, वेदनेने डोळ्याला डोळा न लागणाऱ्याला हा रस दिला की शांत झोप लागे. माल चोख होता. त्यात तो पाण्याचा थेंब जास्त घालत नसे, मुळी कधी शिळी वापरत नसे. तुम्हाला वाटलं असेल की गोष्टीतला व्यापारी म्हणजे भेसळ करणार. नाही. माणूस चोख मालाच्या जोरावरसुद्धा खड्ड्यात जातो, फक्त जाताना मान ताठ असते.

त्याचं दुखणं एवढंच होतं की आरोग्यशाळेत त्याचा निजरस थोडा लागे आणि अडुळशाचा काढा फार लागे. डोंगराळ मुलूख, थंडी बोचरी, धुकं दाट. लोकांच्या छात्या भरायच्या, धाप लागायची. छाती भरलेल्याला अडुळसाच हवा. त्याला निजरस देऊन चालत नाही. ज्याचा श्वासच अडखळतो आहे त्याला खोकत, बसत, जागत तो श्वास ओढावा लागतो. त्याला गाढ झोपवलं तर तो ओढणार कोण? हे वैद्याला ठाऊक होतं आणि व्यापाऱ्यालाही ठाऊक होतं.

आरोग्यशाळेचा वैद्य म्हातारा होता आणि सरळ होता. थंडी पडली की त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडत. एके सकाळी माल उतरवताना व्यापाऱ्याने ते पाहिलं. पुढच्या खेपेला तो कंबरेच्या शेल्यात एक तांब्याचं कडं गुंडाळून आला.

"दाराशी थांब," साळुंकी म्हणाली.

"दाराशी थांब," व्यापारी म्हणाला.

"नाव सांगू नको. माल ठेव."

तेही त्याने म्हटलं. शेवटचा बोल आला तेव्हा त्याला नेमका खोकला आला. साळुंकीने तो बोल पुन्हा म्हटला. तो पुन्हा खोकला आणि ओझं उतरवून मोकळा झाला.

वैद्य माल पाहायला दाराशी आला तेव्हा व्यापाऱ्याने हळूच कडं पुढे केलं. "वैद्यबुवा, तांबं सांध्यांना बरं असतं म्हणतात. घाला हातात."

"अरे, हे मला घेता येत नाही. तुला माहीत आहे."

"सोनं असतं तर मीही दिलं नसतं. तांबं आहे हो. माझ्या वडिलांसारखे तुम्ही. तुमचा हात दुखतो तो मला बघवत नाही."

आणि यात खोटं काहीच नव्हतं. त्याला खरंच बघवत नव्हतं. वैद्याने इकडे तिकडे पाहिलं. थंडी फार होती, बोटं ठणकत होती. त्याने हात पुढे केला आणि कडं मनगटात बसलं.

त्याच क्षणी व्यापाऱ्याचा उजवा हात गार पडला. त्याला वाटलं, वाऱ्याने असेल.

घरी जेवायला बसल्यावर भाकरी मोडता मोडता त्याच्या तळव्याला काहीतरी गोल लागलं. मडक्याचा काठ. त्याने हाताकडे पाहिलं. हातात भाकरीच होती. पण काठ लागत होता, बोटं त्यावरून फिरत होती, झाकण उचललं जात होतं. दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन खात बसला असताना पुन्हा तेच. मग वरचेवर तेच व्हायला लागलं. हात आपल्या मांडीवर पडलेला आणि स्पर्श दुसरीकडचा.

पुढच्या खेपेला कोठीवरचा माणूस म्हणाला, "निजरस जास्त आणा बुवा. हल्ली फार लागतो."

तेव्हा व्यापाऱ्याला उमगलं की तो काठ कुठला. वैद्याचा हात जे जे चाचपत होता, ते त्याच्या तळव्याला कळत होतं. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला आनंद झाला. माणसाला असा आनंद झाला की समजावं, काहीतरी फार वाईट झालेलं आहे.

तिकडे वैद्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याला इतकंच जाणवे की औषध निवडताना पूर्वीसारखं थबकावं लागत नाही. मन वास घेऊन ठरवायच्या आधीच हात एका मडक्याशी पोचलेला असे. मग मन हाताच्या मागून कारणं गोळा करत यायचं. झोपेसारखं औषध नाही. थकलेला जीव आहे, विसावा हवा. शिकलेल्या माणसाला कारणांचा कधी तुटवडा पडतो का?

आरोग्यशाळा हळूहळू शांत झाली. आधी खोकले थांबले. मग कण्हणं थांबलं. भर दुपारी, उन्हाची तिरीप खाटांवर पडलेली असताना आत इतकं सामसूम असे की भेटायला आलेली माणसं चपला हातात घेऊन चालत. "किती बरं वाटतं इथे," ती एकमेकांना म्हणत. खाटा भरत आणि रिकाम्या होत. चिमण्या मात्र आतल्या चौकात उतरेनाशा झाल्या.

एक दिवस वैद्य चौकातून जात असता साळुंकी उडून त्याच्यासमोर आली. ती वैद्यांशी कधीच बोलत नसे. तिचे बोल व्यापाऱ्यांसाठी होते. तिने वैद्याच्या उजव्या हाताकडे पाहून मान तिरकी केली आणि म्हणाली, "दाराशी थांब."

शिष्य हसले. "साळुंकी आज्जीबाईंची नजर गेली! वैद्यबुवांना व्यापारी समजली!"

वैद्यही हसला. पण त्याने अंगरख्याची बाही कड्यावर ओढून घेतली.

त्याच आठवड्यात एक विणकर आपल्या बायकोला पाठुंगळी घेऊन आला. तिची छाती भरली होती. वाटभर ती खोकत आली होती, आडवं म्हणून होता येत नव्हतं. वैद्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. मन म्हणालं, अडुळसा. हाताने निजरसाचं मडकं उचललं. वैद्य क्षणभर आपल्याच हाताकडे बघत राहिला. मग त्याला वाटलं, इतक्या वर्षांचा हात आहे, तो चुकेल कसा?

विणकराची बायको झोपली. किती दिवसांनी ती झोपली होती! विणकराला इतकं बरं वाटलं की तो तिच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत राहिला. ऊन कललं, भिंतीवर चढलं, विझलं, तरी तो वारा घालतच होता. आपण आता कुणालाच वारा घालत नाही आहोत, हे त्याला शिष्याने येऊन सांगावं लागलं.

इकडे पायथ्याच्या गावात व्यापारी सारखा हात धोतराला पुसत होता.

"अहो, हात का पुसताय मघापासून?" बायकोने विचारलं.

"घाम आलाय."

तिने त्याचा हात हातात घेतला आणि पटकन सोडला. "घाम कसला! विहिरीतल्या दगडासारखा गार आहे."

हल्ली त्याच्या तळव्याला मडक्याच्या काठाबरोबर कपाळंही लागत. आधी तापलेली, मग कोमट, मग गार. गार झालेलं कपाळ पुन्हा गरम होत नसे. वैद्य शेवटी मेलेल्याचे डोळे मिटवी, तेव्हा पापण्यांचे केससुद्धा व्यापाऱ्याच्या बोटांना कळत. तो स्वतःची समजूत घाली की आरोग्यशाळा म्हटली की माणसं मरायचीच. माझा रस तर चोख आहे. मी काय कुणाच्या तोंडात ओततो? आणि तो नवी काहील चुलाणावर चढवी.

अशाच एका दुपारी काहील रटरटत होती. बायको चुलाणात लाकूड सारत होती आणि तो उलथन्याने रस ढवळत होता. तळव्याला कपाळ लागलं. तापलेलं होतं. त्याने सवयीने हात धोतराकडे नेला आणि तो तिथेच थांबला.

त्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खळगा होता, अर्ध्या हरभऱ्याएवढा.

त्याची लेक रांगती होती तेव्हा उखळाच्या कडेवर पडली होती. जखम भरली, खळगा राहिला. पुढे ती निजायला कुरकुर करायची तेव्हा तो त्या खळग्यात बोटाचं टोक ठेवून हळूहळू फिरवायचा, की पोर झोपलीच. आता ती नदीपलीकडे सासरी नांदत होती. गेल्या पंधरवड्यात निरोप आला होता की तिला खोकला आहे, छातीत दुखतं. सासरच्यांनी तिला आरोग्यशाळेत नेलं असणार.

हात कपाळावरून निघाला. मडक्याचा काठ लागला, ओळखीचा काठ.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?" बायकोने वर पाहिलं.

"ते नको. अडुळसा द्या. वैद्यबुवा, अडुळसा द्या!" तो डोंगराकडे तोंड करून ओरडला. आरोग्यशाळा दूर होती. घोडा दामटत नेला तरी दिवस मावळला असता. त्याने मूठ आवळली, त्याची मूठ आवळली गेली, पण तळव्यात मडकं तसंच होतं. त्याने हात झटकला, चुलाणाच्या दगडावर आपटला. झाकण निघालं. मडक्याचं वजन त्याच्या मनगटाला जाणवलं. ते उचललं गेलं होतं. ते कलत होतं.

तेव्हा त्याने उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या काहिलीत घातला.

बायकोची किंकाळी शेजारच्या शेतापर्यंत ऐकू गेली. त्याच वेळी आरोग्यशाळेत दुसरी किंकाळी उठली. वैद्याच्या हातून मडकं निसटलं आणि फरशीवर फुटलं. मनगटातलं कडं निखाऱ्यासारखं लाल झालं, आपोआप उघडलं आणि खाली पडलं. वैद्याने हात छातीशी धरला. हातावर फोड नव्हता, कातडी जशीच्या तशी होती. पण तो हात आता पुन्हा दुखत होता, थंडीने आखडत होता, त्याचा स्वतःचा होता. समोर एक मुलगी श्वासासाठी तडफडत होती.

"अडुळसा आणा," वैद्य म्हणाला. आणि मग त्याने त्या सामसूम खाटांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आरोग्यशाळेत पोचला. हात केळीच्या पानात गुंडाळलेला होता. तो पुढच्या दाराने गेला नाही, मागच्या दाराशीच उभा राहिला. आतून खोकल्याचा आवाज येत होता. लेकीचाच खोकला. व्यापारी ढसाढसा रडला.

वैद्य बाहेर आला. त्याच्या हातात काळं पडलेलं कडं होतं.

"तुझ्या लेकीला आराम पडेल," तो म्हणाला. "काल मात्र थोडक्यात वाचली. माझा हात कुणीतरी आगीत घातला असं मला वाटलं."

"मी घातला," व्यापारी म्हणाला, आणि त्याने दाराशी उभं राहून सगळं सांगून टाकलं. कडं, काठ, कपाळं, सगळं. ऐकता ऐकता वैद्य उंबऱ्यावर खाली बसला.

दाराशी आणखी एक माणूस उभा होता. विणकर. बायको गेल्यापासून तो जखमांना बांधायचं कापड विणून आरोग्यशाळेला देत असे. साळुंकीचे बोल म्हणून झाले होते, पण गाठोडं अजून डोक्यावरच होतं. त्याने ते हळूच खाली ठेवलं.

"माझ्या बायकोचं कपाळ तुमच्या हाताला लागलं होतं का हो?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"लागलं असेल," व्यापारी म्हणाला. मग त्याला खोटं बोलवेना. "लागलं होतं."

"गार झालं ते कळलं?"

"कळलं."

"मग तेव्हा तुमची काहील पेटलेली नव्हती का?"

काहील रोजच पेटलेली असे. व्यापाऱ्याने मान खाली घातली, ती पुन्हा कुणासमोर वर केली नाही.

विणकराने गाठोडं सोडलं, कापडाची एक पट्टी फाडली आणि वैद्याच्या हातात दिली. "बांधा त्याच्या हाताला," तो म्हणाला. "कापड धुतलेलं आहे." आणि तो निघून गेला.

वैद्याने जखम बांधली. असं भाजल्यावर निजरसच द्यायचा असतो. या दुखण्याला तेच खरं औषध. त्याने वाटी भरून पुढे केली.

"नको," व्यापारी म्हणाला. "मला झोप नको."

आणि झोप त्याला पुढे मिळालीही नाही. हात वाळल्या फांदीसारखा झाला, त्याला ऊन कळेना की पाणी. पण डोळा लागतोय असं वाटलं की त्या मेलेल्या तळव्याखाली एकेक कपाळ येई आणि हळूहळू गार होई. लेक बरी होऊन सासरी गेली, तिला मुलं झाली. नातवंडं कपाळ पुढे करत, तेव्हा आजोबा त्यांच्या डोक्यावर नेहमी डावा हात ठेवत.

वैद्याने राजापुढे जाऊन आपला दोष कबूल केला. राजाने त्याला औषध निवडण्याच्या कामातून दूर केलं. उरलेलं आयुष्य तो आरोग्यशाळेतली मडकी घासत राहिला आणि रुग्ण खोकला की आनंदाने मान हलवत राहिला. नवा वैद्य आला, नवे व्यापारी आले.

साळुंकीने आपले बोल सोडले नाहीत. पण त्या दिवसापासून ती शेवटी एक बोल जास्त म्हणू लागली. तो तिला ना म्हातारीने शिकवला होता, ना तिच्या आईने. व्यापारी असो की वैद्य, दारातून जाणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून ती मान तिरकी करी आणि म्हणे, "हात दाखव."

आणि त्या दारातून जाणारा प्रत्येक जण बाही मागे सारून दोन्ही मनगटं दाखवी, मगच पुढे जाई.

तात्पर्य: जो हात आजाऱ्यासाठी निवड करतो, त्याला दिलेली लहानात लहान भेटही शेवटी आजाऱ्याच्या श्वासातूनच वसूल होते.